कोंबड्याची गाडी

दारात मॅटॅडोर येऊन थांबली तेव्हा सूर्यभान पेंटर एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होता. ब्रश तसाच डब्यात सोडून तो उठला आणि अनवाणीच रस्त्यावर आला. गाडी नवीकोरी होती. मागचा हौदा सुताराकडून नुकताच बांधून आलेला, दोन्ही बाजूंना कोरा पांढरा पत्रा, आणि त्यावर एक अक्षरसुद्धा नाही! सूर्यभानने पत्र्यावरून हात फिरवला आणि त्याला एकदम हसूच फुटलं.

परभणीत जिंतूर रोडला लिंबाखाली त्याचं पत्र्याचं दुकान होतं. नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या, कुणाच्या फटफटीवर 'आई', कुणाच्या ट्रकमागे 'पुन्हा भेटू', हेच त्याचं रोजचं काम. त्या दिवसांत गावातल्या भिंती नामांतराच्या घोषणांनी भरून गेलेल्या, एका घोषणेवर दुसरी चढलेली. सूर्यभानला भिंतींची हौस नव्हती. भिंत आपली जागच्या जागी उभी राहते. त्याला चालतं काम हवं होतं. एक अख्खी गाडी नाकापासून शेपटापर्यंत आपल्या मनाने रंगवायची, कोपऱ्यात 'सूर्यभान आर्ट, परभणी' असं लिहायचं आणि ती गाडी गावोगाव फिरताना बघायची, एवढंच त्याला पाहिजे होतं. पण आजवर कुणी अख्खी गाडी त्याच्या हातात दिली नव्हती. आज ती आपल्या पायांनी चालत आली होती, असंच त्याला वाटलं.

गाडीतून वैजीनाथ उतरला. ताडकळसचा गडी. वर्षानुवर्षं ऊसतोडीची टोळी घेऊन लांब लांब जाणारा, आता मात्र गावातच राहून धंदा करायचा म्हणून त्याने ही गाडी घेतली होती. ताडकळस ते पूर्णा स्टेशन माणसांची ने-आण करायची, आणि बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली बाजारकरी मंडळी आणून सोडायची. त्याच गावच्या चंद्रभानचा टेम्पो त्या रस्त्यावर आधीपासून होता, म्हणजे मुकाबला होता. वैजीनाथच्या मागोमाग त्याचे वडील व्यंकटराव उतरले. पांढरं धोतर, पिळदार मिशा, आणि चेहरा असा की गाडी नव्हे, हत्ती घेऊन आले आहेत.

"पेंटर," वैजीनाथ म्हणाला, "दोनी बाजूनं मोठ्या अक्षरात लिवायचं, 'श्री व्यंकटराव यांची कृपा.' त्येच्या खाली दोन काका, चार भाऊ, आमच्या आत्याचा लेक, पोरं-सोरं. ज्यानं ज्यानं हातभार लावला त्येचं नाव आलंच पायजे. न्हाईतर घरात आग लागंल."

"अन् सिंह!" हौद्यातून उडी मारत त्याचा मेहुणा भुजंग ओरडला. हाच भुजंग गाडीवर क्लीनर म्हणून राहणार होता. "झेप घेतलेला सिंह. जबडा उघडा पायजे."

"सिंह बी. अन् पुढं कमळ. अन् जागा उरली तर उडतं इमान."

सूर्यभानने हौद्याकडे पाहिलं. हौदा केवढा आणि मजकूर केवढा! "वैजीनाथराव," तो म्हणाला, "ही गाडी हाय का लग्नाची पत्रिका?"

"पत्रिकाच समजा. नाव ऱ्हायलं की मानूस रुसलाच."

"अवो, पळत्या गाडीवरची एवढी नावं वाचणार कोण? अक्षर बोटाएवढं होईल. जवळ येऊन वाचायला जावं तर चाकाखाली जाईल की मानूस."

मग तो धावतच दुकानात गेला आणि एक कागद घेऊन आला. मनात अख्खी गाडी कधीची रंगवून ठेवलेली होती त्याची. हैदराबादकडे जाणाऱ्या एका झकपक बसवर त्याने एकदा पाहिलं होतं तसं, निळीभोर गाडी आणि तिच्या अंगावरून मागून पुढे चढत गेलेले तीन पांढरे तिरपे पट्टे. बस्स. दुसरं काही नाही. उभी असली तरी पळाल्यासारखी वाटावी अशी. खुशीत त्याने कागद वैजीनाथच्या हातातच दिला.

वैजीनाथने कागद उभा धरला, आडवा धरला. "हे काय? चट्ट्यापट्ट्याचा पायजमा?"

व्यंकटरावांनी मान पुढे काढून एकच विचारलं, "माझं नाव कुठं हाय?"

तिथून जी जुंपली ती चहा झाला तरी चालूच. सूर्यभान म्हणे, साधं ठेवा, लांबून ओळखू आलं पाहिजे. वैजीनाथ म्हणे, गाडी माझी का तुमची? शेवटी तो चिडलाच. "जमत नसंल तर सांगा, नांदेडला पेंटर काय कमी हायत? उद्या घरच्या बाया गाडीची पूजा कराय येणार हायत. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. तवर ठरवा काय करायलाव ते."

नांदेडचं नाव ऐकल्यावर सूर्यभानचं तोंड बंद झालं. हातात आलेली गाडी जाणार, ह्या विचाराने त्याला जेवण गेलं नाही. आणि तरी मन हटेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने खडूने गाडीच्या एका बाजूला मोठ्ठं 'व्यंकटराव' लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला आपले तीन पट्टे आखले. म्हटलं, बायका तरी खरं काय ते सांगतील. बायकांची नजर चांगली असते, आपल्या पट्ट्यांना त्याच पसंत करतील, असा त्याचा आपला डाव होता.

बायका आल्या. व्यंकटरावांची बायको झुंबरबाई, वैजीनाथची बायको सत्यशीला आणि शेजारच्या खेड्यातून खास गाडी बघायला आलेली त्यांच्या नात्यातली दगडाबाई. हळदीकुंकू झालं, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. पुरुषमंडळी समोरच्या हॉटेलात चहाला गेली, तशी सूर्यभानने संधी साधली.

"मावशी," तो झुंबरबाईला म्हणाला, "समजा बाजार भरलाय. परतीला गाडी हुडकायची हाय. तुमी कुणाला तरी इचारणार. काय म्हनून इचाराल?" आणि त्याने नावाच्या बाजूकडे बोट केलं.

झुंबरबाईने वाचलं नाही, तिला वाचता येत नव्हतं. पण काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं. तिने पदर तोंडाला लावला आणि ती हसतच सुटली. "अवं पेंटर, येडे का काय तुमी? ते नाव मी कसं घेऊ?"

सूर्यभान सत्यशीलाकडे वळला. तिने मान खाली घातली. सासऱ्याचं नाव घ्यायचं तर सोडाच, ऐकूनच ती लाजली होती. "मी म्हनंन मामंजीची गाडी," ती हळूच बोलली.

"बाजारात समद्याच बायांला मामंजी असत्यात गं," झुंबरबाई म्हणाली. "कोनाच्या मामंजीची मनून शोधायची?"

"अन् दगडाबाई, तुमी? तुमी तर दुसऱ्या गावच्या."

दगडाबाईने कानाला हात लावला. "आमच्या थोरल्या दिराचं नाव बी तेच हाय बाबा. अन् चुलत सासऱ्याचं बी तसलंच. घेता येतंय व्हय?"

सूर्यभान बघतच राहिला. जन्म ह्याच मुलखात गेला त्याचा. त्याची स्वतःची आई वडिलांचं नाव उखाण्यावाचून कधी घ्यायची नाही. आणि तरी हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, वैजीनाथच्याही आलं नव्हतं. त्या भागात व्यंकट, व्यंकटी, व्यंकटराव घरोघर. म्हणजे निम्म्या बायांच्या घरात हे नाव न घेण्याचं! आणि बाजाराला जाणाऱ्या बायाच जास्त. गाडीवर एवढं मोठं नाव रंगवायचं आणि गाडीत बसणाऱ्यांनी ते तोंडातून काढायचं नाही. सूर्यभानला आतून उकळ्या फुटल्या. वैजीनाथला तो आता चांगलाच पेचात धरणार होता.

"मग ही बाजू बघा," तो ऐटीत म्हणाला आणि त्याने बायांना आपल्या पट्ट्यांपुढे नेऊन उभं केलं. "हिला काय म्हनाल?"

दगडाबाईने मान तिरपी करून पाहिलं. "रंग उडाल्यावानी दिसायलंय."

"वाकड्या रेघाची गाडी?" सत्यशीला म्हणाली, आणि तिघींना पुन्हा हसू आलं.

"ह्येला काय म्हनावं ते सुदरतच न्हाई बघा," झुंबरबाई म्हणाली. तिला पेंटरचा जीव दुखवायचा नव्हता, पण खोटंही बोलायचं नव्हतं.

सूर्यभान मटकन उलट्या डब्यावर बसला. वैजीनाथने सांगितलेलं नाव घेता येत नाही, आणि आपल्या पट्ट्यांना नावच नाही. दोघंही सारखेच गाढव! त्याला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग त्याच्या अंगात काहीतरी सळसळायला लागलं. लांबून ओळखू आलं पाहिजे म्हणून तो भांडत होता. ओळखू येऊन काय उपयोग, हाक मारता आली पाहिजे. लहान पोराला सांगता आली पाहिजे.

"मावशी," तो उठला, "सकाळी गाडी कवा निघनार?"

"कोंबडं आरवलं की. पूर्ण्याला पॅसिंजर गाठायची असती न्हवं."

"काय म्हनलात?"

"कोंबडं आरवलं की निघनार," झुंबरबाई जरा मोठ्याने म्हणाली. तिला वाटलं, पेंटरला कमी ऐकू येतं.

सूर्यभानने ओलं फडकं घेतलं आणि आपले तीनही पट्टे पुसून टाकले. ज्यांच्यासाठी रात्री जेवला नव्हता ते पट्टे! मग खडू घेऊन तो सुटला. हौद्याच्या मागच्या टोकाला शेपटीची कमान, तिथून पोटाचा फुगवटा, पुढे वर ताणलेली मान, आणि अगदी पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यामागे, उघडलेली चोच. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच कोंबडा. काढता काढता तो एकटाच बडबडत होता, "असं, असं, आता तुरा, तुरा मोठा पायजे."

"अगं बया!" दगडाबाईने टाळी वाजवली. "आमच्या शेजारच्या सरजाबाईचं कोंबडं!"

"आता काय म्हनाल?"

"कोंबड्याची गाडी!" तिघी एका दमात बोलल्या. सत्यशीलाचा आवाज तर सगळ्यांत मोठा होता.

तेवढ्यात पुरुष हॉटेलातून परतले आणि रणकंदन सुरू झालं.

"आमी माळकरी मानसं!" वैजीनाथ ओरडला. "आमच्या घरात अंडं फुटत न्हाई, अन् गाडीवर कोंबडं? लोक शेण घालतील तोंडात."

"सिंह कुठं हाय?" भुजंगने विचारलं.

व्यंकटराव ओरडले नाहीत. ते दुसऱ्या बाजूला गेले, खडूने लिहिलेल्या आपल्या नावापुढे जरा वेळ उभे राहिले आणि परत आले. "माझ्या नावाच्या जागी हे पाखरू बसवायलाव व्हय, पेंटर?" असं ते म्हणाले, आणि सूर्यभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात पाहिलं होतं.

"काका, तुमचं नाव जाणार न्हाई," तो घाईघाईने म्हणाला. "समदी नावं लिवतो. मागच्या दाराच्या फाळक्यावर, आतल्या अंगाला. गाडी थांबली की फाळका खाली पडनार, मानसं चढणार, आपापली नावं निवांत वाचणार. सगळ्यांत वर तुमचं, सोनेरी रंगात. पण गाडीच्या अंगावर कोंबडाच पायजे. बायांला हाक मारता आली पायजे."

झुंबरबाई नवऱ्याकडे न बघता, पण त्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पेंटर, सांगा त्यांना. बाया बसल्या तर गाडी चालंल. अन् बाया बसायच्या तर बायांच्या तोंडात बसंल असं कायतरी पायजे."

व्यंकटरावांनी मिशीला पीळ दिला. "ठीक हाय. येता बाजार होऊ द्या. हसं झालं तर दुसऱ्या दिवशी कोंबडं पुसायचं अन् माझं नाव टाकायचं. अन् मग तुमचं नाव गाडीवर कुठंबी दिसाय नको."

पुढचे दिवस सूर्यभानसाठी सणासारखे गेले. पिवळाधमक हौदा, त्यावर लालभडक कोंबडा, शेपटीत काळा आणि हिरवा. उन्हात रंग चकाकला की तो रस्त्याच्या पार पलीकडे जाऊन उभा राहायचा, डोळे बारीक करायचा आणि स्वतःशीच खुळ्यासारखा हसायचा. येणारेजाणारे सायकलवाले थांबायला लागले. फाळक्याच्या आत नावं लिहायला तो नाखुशीने बसला होता, पण व्यंकटरावांच्या नावावर सोनेरी रंग चढला तेव्हा त्यालाही मजा वाटली. म्हाताऱ्यासाठी अक्षराला त्याने एक बारीक लाल काठही काढला, कुणी न सांगता. भुजंगला डिझेलच्या टाकीवर सिंह मिळाला. जागा कमी असल्याने तो मांजराएवढाच झाला, पण जबडा उघडा होता, भुजंग खूश होता. सगळ्यांत शेवटी, कोंबड्याच्या पायाशी, सूर्यभानने बारीक अक्षरात आपलं नाव लिहिलं. लिहिताना त्याने श्वास रोखून धरला होता.

बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून तो ताडकळसला गेला.

सकाळ वाईट गेली. गाडी बाजारतळाच्या कडेला चंद्रभानच्या टेम्पोशेजारी उभी राहिली आणि पानटपरीवरच्या टोळक्याला जत्रा सापडली. "काय वैजीनाथ, पोल्ट्री टाकली का?" "रस्सा संगं देनार का घरी नेऊन करायचा?" एकाने तर बसल्या जागी बांगच दिली. चंद्रभान आपल्या टेम्पोला टेकून गालात हसत होता. त्याच्या टेम्पोवर बापाचं, आजोबांचं आणि तीन देवांचं नाव होतं, चांगलं ठसठशीत. वैजीनाथ लालबुंद होऊन स्टीअरिंगमागे जाऊन बसला. व्यंकटराव लिंबाच्या पारावर गाडीकडे पाठ करून बसले. सूर्यभानला वाटलं, झालं, संपलं. उद्या ह्याच हातांनी पुसावं लागणार. त्याला खरंच रडू येत होतं.

दिवस कलला आणि बाजार उठायला लागला.

सगळ्यांत आधी एक पोरगी पळत आली, एवढीशी, परकर सावरत. गाडीपुढे थांबली, मागे वळून बेंबीच्या देठापासून ओरडली, "आये, सापडली! कोंबड्याची गाडी हितं हाय!" तिच्या मागून तिची आई आली, डोक्यावर पाटी. तिच्या मागून तिच्या दोन जावा. मग पलीकडच्या भाजीवाल्यांच्या ओळीतून आवाज आला, "कोंबड्याची गाडी कुठं लागली गं?" तिकडून उत्तर, "लिंबाजवळ!" सूर्यभान ताडकन उभा राहिला. बाजारभर तेच चाललं होतं. बांगडीवाल्यापाशी, गुळाच्या ढेपांपाशी, मिरचीच्या ढिगापाशी. "कोंबड्याच्या गाडीपाशी थांब." "कोंबड्याच्या गाडीत पाटी ठिवली." बाया हातवारे करून एकमेकींना बोलवत होत्या. आणि चंद्रभानच्या टेम्पोचं नाव? ते कुणीच घेत नव्हतं. निम्म्यांना घेता येत नव्हतं.

भुजंगने फाळका खाली टाकला. चढताना एक शाळकरी पोरगा नावं मोठ्याने वाचायला लागला, तसा वैजीनाथचा काका गर्दी हटवत पुढे आला, "माझं हाय का बघ रं," आणि आपलं नाव ऐकून दोनदा मान हलवून गेला. हौदा भरला. पाट्या, पिशव्या, दोन शेळ्या, एक नवा कंदील. वैजीनाथने खिडकीतून मागे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की सकाळचा वैजीनाथ तो हाच का, असं वाटावं.

"अवो कोंबडेवाल्याला म्हनावं थांब जरा!" लांबून एक बाई ओरडत आली. "म्हातारी मागं ऱ्हायलीय!"

व्यंकटराव पारावरून उठून गाडीपाशी आले होते. कपाळाला आठी होती. झुंबरबाई पुढच्या दाराशी उभी होती. "ह्या बाया," त्यांनी तिला विचारलं, "कोनाला कोंबडेवाला म्हनायल्यात?"

"तुमाला," ती म्हणाली.

सूर्यभान एक पाऊल मागे सरला. आता फुटणार म्हातारा! व्यंकटरावांनी तोंड उघडलं, पण झुंबरबाईनेच त्यांना बोलू दिलं नाही. आज पहिल्यांदाच ती सगळ्यांसमोर त्यांच्याकडे सरळ बघून बोलत होती.

"म्हनू द्या की. तुमचं नाव फाळक्यावर सोन्यानं लिवलंय, गडीमानसं वाचतील. आमी काय करावं? जलम गेला माझा, बाजारात तुमी चुकलाव तर 'अवो' म्हनून वरडायचं, अन् धा गडी वळून बघायचे. माझा मानूस सोडून समदे."

व्यंकटराव तसेच वळले आणि मागे राहिलेल्या म्हातारीला आणायला निघाले. गर्दीत त्यांचा पांढरा रुमाल जरा वेळ दिसला, मग दिसेनासा झाला. म्हातारी दुसऱ्या बाजूने येऊन गाडीत चढलीसुद्धा. वैजीनाथने हॉर्न दिला. झुंबरबाईने टाचा उंचावून पाहिलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"ओ कोंबडेवाले! चला, गाडी भरली!"

भर बाजारात एकटे व्यंकटराव वळले.

ते परत आले ते सावकाश, पानटपरीवरून, छाती काढून. पुढच्या सीटवर बायकोला आधी चढवलं, मग स्वतः बसले. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"पेंटर," ते म्हणाले, "तुमचं नाव लय बारीक लिवलंय. उद्या गाडी आणतो, जरा मोठं करा."